वाटशोधन : शिवारात खेळावयाचा नकाशाचा खेळ

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या वर्गांसाठी)

प्रास्ताविक

खेड्यातील मुलास आपल्या गावचे शिवार पाठ असते. कोणती पांदण पावसाळ्यात चिखलाने बंद होते, कोणत्या बांधावरून गेले असता तांड्याचा रस्ता लवकर लागतो, गायरानातील कोणत्या लिंबाखाली दुपारी गुरे बसतात, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु याच मुलास शाळेपासून गायरानापर्यंतची वाट कागदावर काढावयास सांगितली, तर तो गोंधळतो. ओढा भलतीकडे वळतो, अंतराचा मेळ बसत नाही, आणि शेवटी सारे गाव कागदाच्या एका कोपऱ्यात दाटते. मुलाचे ज्ञान खरे असते, पण ते पायांत असते. डोळ्यांपुढे आणि कागदावर आलेले नसते. म्हणून ते त्याच्यापुरतेच राहते. दुसऱ्यास त्याचा उपयोग होत नाही, आणि गाव सुटले की त्याचा त्यासही होत नाही.

गाव सुटण्याचे प्रसंग हिंगोली जिल्ह्यातील मुलांवर पुष्कळ येतात. कित्येक कुटुंबे हंगामात ऊसतोडीस जातात, कित्येक रोजगारासाठी शहर गाठतात, आणि पुढील शिक्षणासाठी तर बहुतेकांना आपल्या गावाबाहेर पडावेच लागते. अशा वेळी अनोळखी ठिकाणी आपण कोठे आहोत, कोणत्या दिशेने आलो, परत कसे जावयाचे, याचा विचार शांतपणे करता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

हे शिक्षण देण्याचे काम भूगोलाच्या तासाकडे आहे. परंतु तेथे नकाशा भिंतीवर टांगलेला असतो आणि 'वर उत्तर, खाली दक्षिण' हे सूत्र पाठ करविले जाते. परिणामी 'उत्तर दिशा दाखवा' असे म्हणताच काही मुले छताकडे बोट दाखवितात! दोष मुलांचा नाही. नकाशा जमिनीवर उतरलाच नाही, तर दिशा आकाशाकडे जाणारच. तो जमिनीवर उतरविण्याचा एक उत्तम उपाय म्हणजे वाटशोधनाचा खेळ होय.

खेळाची ओळख

हातात नकाशा व होकायंत्र घेऊन, नकाशावर दाखविलेली ठाणी नेमून दिलेल्या क्रमाने शोधून काढावयाची आणि कमीत कमी वेळात परत यावयाचे, असा हा खेळ आहे. एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास कोणत्या वाटेने जावे, हे खेळाडूने स्वतः ठरवावयाचे असते. वाट आखून दिलेली नसते. हेच या खेळाचे मर्म आहे. साध्या शर्यतीत ज्याचे पाय जलद तो जिंकतो. येथे चुकीच्या दिशेने जलद धावणारा सर्वांत मागे राहतो.

या खेळाचे मूळ स्वीडन व नॉर्वे या देशांत आहे. 'ओरिएंटिअरिंग' हे त्याचे आंतरराष्ट्रीय नाव ज्या स्वीडिश शब्दावरून आले, तो १८८६ साली तेथील लष्करी शिक्षणात अनोळखी प्रदेश नकाशाच्या आधारे ओलांडण्याच्या अभ्यासासाठी वापरण्यात आला. सर्वसामान्य नागरिकांसाठी पहिली स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. परंतु या लष्करी अभ्यासास तरुणांच्या खेळाचे रूप देण्याचे श्रेय स्वीडनमधील मेजर एर्न्स्ट किलांडर यांना दिले जाते. ते बालवीर चळवळीतील नेते होते. तरुणांचा मैदानी शर्यतींतील रस कमी होत चालल्याचे त्यांनी पाहिले, आणि धावण्यास शोधाची जोड दिली तर तरुण पुन्हा मोकळ्या रानात येतील, असे त्यांनी ताडले. १९१९ साली स्टॉकहोमच्या दक्षिणेस त्यांनी भरविलेल्या स्पर्धेत सुमारे २२० जणांनी भाग घेतला. पुढे १९६१ साली दहा देशांनी मिळून या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला, आणि पहिली जागतिक स्पर्धा १९६६ साली फिनलंडमध्ये झाली.

भारतात दिशाज्ञान, होकायंत्राचा उपयोग व नकाशावाचन हे विषय स्काउट-गाइड आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्या शिक्षणात आहेत. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली. ज्या शाळेत पथक आहे, तेथे हा खेळ पथकामार्फत सुरू करणे सोपे जाईल. जेथे पथक नाही, तेथे वर्गातील मुलामुलींचे चार-चारांचे गट करून तो तितक्याच चांगल्या रीतीने घेता येतो.

नकाशा कसा तयार होतो

नकाशा म्हणजे छापखान्यातून आलेले चित्र, अशी मुलांची समजूत असते. तो कोणी तरी चालून, मोजून, घाम गाळून तयार केलेला असतो, हे त्यांना प्रथम सांगावे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास १० एप्रिल १८०२ रोजी मद्रास येथे आरंभ झाला. कर्नल विल्यम लॅम्टन यांनी तेथे सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात, या एकाच तत्त्वावर त्रिकोणास त्रिकोण जोडीत हे काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेले. त्यासाठी वापरलेले कोनमापक यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. या कामाचा मुख्य पट्टा ७८ पूर्व रेखावृत्ताच्या आसपास आहे. म्हणजे हिंगोली शहराच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटरवरून ते रेखावृत्त जाते. काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन यांचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालविले.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या (स्थापना १७६७) स्थलदर्शक नकाशांत ही परंपरा आजही दिसते. त्यांपैकी १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरील १ किलोमीटर कागदावर २ सेंटिमीटर होतो. जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे हिंगोली शहर ५६ ई या विभागात पडते. असा एखादा नकाशा वर्गात पसरून कयाधू नदी, पूर्णा–अकोला लोहमार्ग, औंढा नागनाथच्या परिसरातील टेकड्यांच्या समोच्च रेषा आणि सिद्धेश्वर जलाशय मुलांकडून शोधून घ्यावेत. मात्र शाळेच्या खेळास हे प्रमाण फार लहान पडते. गावापुरता नकाशा मुलांनी स्वतःच तयार करावा. गावच्या महसुली दप्तरातील गावनकाशा त्यास आधार म्हणून घेता येईल.

पूर्वतयारी : दिशा

सूर्य पूर्वेस उगवतो, हे मुलांना ठाऊक असते. पण हे विधान नेमके वर्षातून दोनच दिवशी, म्हणजे मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास, खरे असते. हिंगोली जिल्ह्यात जूनच्या उत्तरार्धात सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंश सरकून उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस सरकतो. शाळेच्या एकाच पायरीवरून दर महिन्यास उगवत्या सूर्याची जागा क्षितिजावरील झाड अथवा टेकडी पाहून वहीत नोंदविल्यास हा फरक मुलांच्या स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

दुसरा समज मध्यान्हाविषयी आहे. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असे मुले मानतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखावृत्ताची आहे आणि हिंगोली ७७ अंशांच्या किंचित पूर्वेस आहे. त्यामुळे येथे खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर होतो : नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. 'मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते' हा नियमही येथे बारमाही नाही. मेच्या १८-१९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २४-२५ तारखेच्या सुमारास मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य मध्यान्ही उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते.

यास्तव घड्याळावर न विसंबता शंकूची जुनी रीत वापरावी. शुल्बसूत्रांच्या काळापासून ती आपल्याकडे परिचित आहे. अंगणात सपाट जागी एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. काठीच्या बुडाशी दोरी बांधून तिच्याभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक आत सरकत जाऊन वर्तुळास ज्या ठिकाणी टेकेल, तेथे खूण करावी. दुपारी सावली पुन्हा लांबू लागून टोक वर्तुळास जेथे टेकेल, तेथे दुसरी खूण करावी. सकाळची खूण पश्चिमेची व दुपारची पूर्वेची. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिच्यावरील लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. ही रेषा चुन्याने कायमची आखून ठेवावी. शाळेतील प्रत्येक नकाशा पुढे या रेषेवर ठेवूनच वाचावा.

रात्रीसाठी ध्रुवतारा आहे. क्षितिजापासून ध्रुवाची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे येथे सुमारे २० अंश असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. म्हणून उत्तर क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवून दोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा शर्मिष्ठेच्या आधारे शोधावा. हा अभ्यास मुलांनी घरच्या अंगणातूनच करावा.

होकायंत्र विकत घेता आले तर उत्तम. न मिळाल्यास ते करता येते. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकावर, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावी आणि बुचाच्या पातळ चकतीवर ठेवून मातीच्या अथवा प्लॅस्टिकच्या भांड्यातील पाण्यावर तरंगत सोडावी. सुईचे कोणते टोक उत्तरेस वळते, हे चुन्याच्या रेषेवर पडताळून त्यास रंग लावावा. लोखंडी टेबल, विजेची तार, भ्रमणध्वनी यांच्याजवळ सुई फसते, हेही प्रयोगाने दाखवावे. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील अंतर या भागात एका अंशाहूनही कमी असल्यामुळे खेळाच्या कामी ते सोडून द्यावे.

पूर्वतयारी : अंतर

प्रत्येक मुलाने आपले पाऊल मोजावे. दोरीने १०० मीटर अंतर आखून मुलांना नेहमीच्या चालीने चालावयास लावावे आणि फक्त उजव्या पावलाची मोजणी करावयास सांगावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाची उजवी पावले १०० मीटरला साधारणतः ८० च्या आसपास भरतात. तीन वेळा मोजून सरासरी काढावी व ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. पुढे एखाद्या मुलाची शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत १२० पावले झाली, तर ते अंतर १५० मीटर, हे त्रैराशिकाने निघेल. १ सेंटिमीटरास ५० मीटर हे प्रमाण घेतल्यास कागदावर ते ३ सेंटिमीटर होईल. अंकगणित व भूगोल हे दोन्ही विषय येथे एकत्र येतात, आणि उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पाहावे लागत नाही. पार जागेवर सापडला की उत्तर बरोबर.

पाठांचा क्रम

पहिला पाठ : वर्गाचा नकाशा. वर्गखोलीचा नकाशा मुलांनी काढावा. एका बाकाखाली खडू ठेवून त्याची जागा नकाशावर दाखवावी व एका मुलास शोधावयास सांगावे. नंतर त्याच्या हातातील नकाशा उलटा फिरवून तोच खेळ पुन्हा घ्यावा. मुलगा गोंधळला की नकाशा जमिनीशी जुळवून धरण्याची गरज त्याची त्यास पटते. नियम एकच : मनुष्य वळला तरी नकाशा वळू नये, नकाशाची उत्तर नेहमी उत्तरेकडेच राहावी.

दुसरा पाठ : शाळेच्या आवारातील तारा. आवाराचा नकाशा १ सेंटिमीटरास ५ मीटर या प्रमाणाने काढावा. पाच-सहा ठाणी नेमावी. मुलाने एक ठाणे शोधून मध्यभागी शिक्षकाकडे परत यावयाचे, खूण दाखवावयाची व मगच दुसऱ्या ठाण्याकडे जावयाचे. वाटांची आकृती ताऱ्यासारखी होते. प्रत्येक फेरीनंतर मूल नजरेसमोर येत असल्याने चूक कोठे झाली, हे शिक्षकास लगेच कळते.

ठाण्यासाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीत ३० सेंटिमीटर चौरसाचे, कर्णावर दुभागलेले पांढरे व नारिंगी निशाण वापरतात. जुन्या कापडाचे तुकडे रंगवून तशी निशाणे मुलांनीच शिवावी. प्रत्येक ठाण्यावर निराळ्या रंगाचा खडू दोरीने बांधून ठेवावा. मुलाने आपल्या पत्रिकेवर त्या रंगाची खूण केली म्हणजे तो तेथे पोहोचल्याचा पुरावा झाला.

तिसरा पाठ : गावठाण. १ सेंटिमीटरास ५० मीटर या प्रमाणाने गावाचा नकाशा गटागटाने तयार करावा. एका गटाने रस्ते, दुसऱ्याने देवळे, मशीद, समाजमंदिर व ग्रामपंचायत, तिसऱ्याने विहिरी, आड व हातपंप, चौथ्याने मोठी झाडे अशी वाटणी करावी. गावातील सर्व वस्त्या व तांडे नकाशात आले पाहिजेत. जी वस्ती नकाशात नाही, तेथील मुलास ती उणीव शब्दांवाचून कळते. या पाठात मुलांनी दोघा-दोघांच्या जोडीने जावे.

चौथा पाठ : माळ व गायरान. येथे खेळाचे खरे रूप दिसते. समजा, दुसऱ्या ठाण्याहून तिसरे ठाणे सरळ रेषेत ४०० मीटरवर आहे, पण मध्ये खोल काठांचा ओढा आहे. आणि पांदणीने फिरून गेल्यास वाट ६०० मीटर पडते. कोणती वाट घ्यावी? शिक्षकाने उत्तर सांगू नये. एका जोडीने ओढ्याची, दुसरीने पांदणीची वाट घ्यावी आणि परत आल्यावर घड्याळाने निकाल द्यावा. ओढ्यास पाणी असताना हा प्रयोग करू नये.

या पाठात तीन युक्त्या शिकवाव्यात. पहिली, सोबतीची रेषा : पांदण, बांध, ओढा किंवा तारेचे कुंपण ठाण्याच्या दिशेने जात असेल तर तिच्या सोबतीने चालावे, होकायंत्र सतत पाहावे लागत नाही. दुसरी, अडविणारी रेषा : ठाण्याच्या पलीकडे आडवा रस्ता किंवा ओढा कोणता आहे, हे निघतानाच पाहून ठेवावे. तो लागला की ठाणे मागे राहिले, हे उमगते. तिसरी, मुद्दाम एका बाजूस नेम : ओढ्यावरील लहान पूल गाठावयाचा असता थेट पुलाचा नेम धरून मूल थोडे चुकले, तर ओढ्याशी आल्यावर उजवीकडे वळावे की डावीकडे, हे त्यास कळत नाही. पुलाच्या मुद्दाम डावीकडे नेम धरून गेल्यास ओढ्याशी येताच उजवीकडे वळावयाचे, हे निश्चित असते.

लहान मुलांसाठी गुणांचा प्रकार अधिक सोयीचा ठरतो. त्यात ठाण्यांचा क्रम नसतो. जवळच्या ठाण्यास १० गुण, दूरच्यास २० किंवा ३०, आणि वेळ ४० मिनिटे. उशीर झाल्यास प्रत्येक मिनिटास ५ गुण कमी. किती धरावे व किती सोडावे, याचा विवेक त्यातून येतो. ज्यास धावता येत नाही, अशा मुलासही खेळाबाहेर बसवू नये. एका जागेवरून दिसणाऱ्या अनेक निशाणांपैकी नकाशाशी जुळणारे निशाण कोणते, हे ओळखण्याचा एक प्रकार या खेळात मान्य आहे. त्यात वेगास महत्त्व नसून चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूही बरोबरीने भाग घेतात.

परीक्षा : परक्या गावचा नकाशा

चार पाठ झाल्यावर शिक्षकाच्या एक गोष्ट ध्यानात येईल. जी मुले रोज गुरांमागे शिवार फिरतात, ती पहिल्या क्रमांकाने येतील, पण त्यांतील काहींनी नकाशा उघडलेलाही नसेल. 'चिंचेजवळचे ठाणे' एवढे कळले की ती धावत सुटतात. याबद्दल त्यांस रागावू नये, परंतु तेथे थांबूही नये. ओळखीच्या शिवारात नकाशाची परीक्षा होत नाही, आणि नकाशा काढणाऱ्याचीही होत नाही.

यासाठी केंद्रातील दोन शेजारच्या शाळांनी नकाशांची अदलाबदल करावी. एका गावच्या मुलांनी काढलेला नकाशा घेऊन दुसऱ्या गावच्या मुलांनी त्या गावी ठाणी शोधावी. पुढील शनिवारी उलट करावे. गुराखी मुलगा आता पाहुणा असतो, आणि त्यास प्रथमच नकाशा शब्दशः वाचावा लागतो. यजमान मुलांना त्याहून मोठा धडा मिळतो. आपल्याला पाठ असलेली पांदण आपण कागदावर काढावयासच विसरलो, दोन विहिरींना एकच खूण दिली, उत्तरेचा बाण तिरपा घातला, हे सर्व पाहुण्यांच्या पायांनी उघड होते. जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे वाटते, तीच बहुधा नकाशातून सुटते. परक्या मनुष्यास जो वाट दाखवितो तोच नकाशा खरा, ही कसोटी मुलांच्या मनावर कायमची ठसते.

खेळ संपल्यावर दोन्ही शाळांच्या मुलांनी एकत्र बसून नकाशा दुरुस्त करावा. या बैठकीस शर्यतीच्या निकालाहून अधिक वेळ द्यावा. चूक दाखविताना पाहुण्यांनी 'नकाशा वाईट' असे न म्हणता 'येथे आम्ही डावीकडे वळलो, कारण नकाशात हे असे होते' या रीतीने सांगावे. दुरुस्त नकाशा स्वच्छ काढून त्यावर तो तयार करणाऱ्या सर्व मुलामुलींची नावे व दिनांक घालून शाळेत लावावा आणि दर वर्षी नव्या वर्गाने तो तपासावा. रस्ते बदलतात, झाडे पडतात, नवी घरे उठतात. नकाशाही वाढला पाहिजे.

दक्षता

हा खेळ मुलांना मोकळे सोडण्याचा आहे. म्हणूनच त्यात शिक्षकाची जबाबदारी अधिक आहे. पुढील गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात.

१. शिक्षकाने आदल्या दिवशी सर्व वाटा स्वतः चालून पाहाव्यात. कठडा नसलेली विहीर, शेततळे, जुनी खदान, उघडी विद्युत जोडणी यांच्या जवळपास ठाणे ठेवू नये. अशा जागा नकाशावर तांबड्या रंगाने दाखवून तेथे जाण्यास सक्त मनाई करावी.

२. लोहमार्ग व वाहता रस्ता ओलांडावा लागेल अशी आखणी करू नये.

३. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सकाळची वेळ धरावी. उन्हाळ्यात खेळ घेऊ नये. पावसाळ्यात विजांचा व ओढ्यास अचानक येणाऱ्या पाण्याचा धोका असतो.

४. या काळात हरभरा, तूर व हळद शेतात उभी असते. पिकातून एकही पाऊल पडता कामा नये. बांधावरून जावयाचे असल्यास शेतकऱ्याची आगाऊ संमती घ्यावी. पीक तुडविणारी जोडी बाद, हा नियम खेळाचाच भाग समजावा.

५. पालक व शाळा व्यवस्थापन समिती यांना पूर्वसूचना द्यावी. दोनदोन मुलांच्या जोड्या कराव्यात. कोणालाही एकटे पाठवू नये. पायांत पादत्राणे, जवळ पाणी व गळ्यात शिटी असावी.

६. निघताना व परतताना हजेरी घ्यावी. ठरलेल्या वेळी शाळेची घंटा दीर्घकाळ वाजवावी. ती ऐकताच, ठाणी सापडोत वा न सापडोत, सर्वांनी परतावे. हजेरी पुरी झाल्याशिवाय शिक्षकाने जागा सोडू नये.

७. वाट चुकल्यास काय करावे, हे प्रत्येक मुलाकडून म्हणवून घ्यावे : थांबावे, नकाशा जुळवावा, शेवटी नक्की ओळखलेल्या जागी परत जावे, तेही न जमल्यास जागेवरच उभे राहून तीन वेळा शिटी वाजवावी.

८. मुलींच्या जोड्यांना जवळची व मुलांना दूरची ठाणी, असा भेद करू नये. सर्वांना एकच नकाशा द्यावा.

भ्रमणध्वनीविषयी मुले अवश्य विचारतील. 'तो वाट सांगतो, मग हे कष्ट कशाला?' या प्रश्नास टाळू नये. भ्रमणध्वनी वाट सांगतो, हे खरे. पण तो सांगत असताना मनुष्य परिसर पाहत नाही, आणि विजेरी संपली की त्याच्या मनात कोणताही नकाशा उरलेला नसतो. खेळाच्या वेळी भ्रमणध्वनी शिक्षकाजवळ राहावा. परत आल्यावर मुलांनी काढलेला नकाशा व भ्रमणध्वनीवरील नकाशा शेजारी ठेवून ताडून पाहावेत. पांदण, पार, आड यांसारख्या किती तरी गोष्टी मुलांच्याच नकाशात अधिक सापडतात, हे पाहून त्यांचा उत्साह वाढतो.

मूल्यमापन

या पाठांचे मूल्यमापन मिनिटांवर करू नये. पुढील प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावेत. मुलास कोणत्याही ठिकाणी उभे केले असता तो उत्तर दाखवू शकतो काय? पावलांनी मोजलेले अंतर प्रत्यक्ष अंतराशी दहांश फरकाच्या आत जुळते काय? घेतलेली वाट का घेतली, हे त्यास सांगता येते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, चुकल्यावर तो काय करतो?

शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. एखादी जोडी अर्ध्या तासाने, एकही ठाणे न सापडता परत येईल. त्या वेळी हसे होऊ देऊ नये. 'कोठपर्यंत बरोबर होता?' एवढेच विचारावे. मुले नकाशावर बोट ठेवून मागे मागे जाऊ लागतील, आणि ज्या वळणावर चूक झाली तेथे बोट थांबेल. ज्या मुलास आपली चूक अशी स्वतः सापडली, त्याने त्या दिवसाचे सर्वांत अवघड ठाणे गाठले, असे शिक्षकाने समजावे व तसे वर्गात सांगावे.

या वर्षीच्या हिवाळ्यात प्रत्येक शाळेने निदान पहिले दोन पाठ घ्यावेत आणि शेजारच्या एका शाळेशी नकाशाची अदलाबदल करावी. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक दोरी, एक काठी, थोडा चुना, रंगीत खडू, जुन्या कापडाची निशाणे आणि कोरे कागद. इतके साहित्य नाही, अशी शाळा जिल्ह्यात क्वचितच असेल.